आकडा दिला, एकक राहिले

आज्ञावलीसोबत (सॉफ्टवेअरसोबत) येणारे माहितीपत्रक आजवर माणसासाठी लिहिले जाई. त्यात काही राहून गेले तर माणूस अनुभवाने भरून काढी. आता वाचक बदलला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे 'एजंट' माणसाच्या वतीने आज्ञावल्या वापरू लागले आहेत. शेतकऱ्याने विचारले, 'या आठवड्यात पिकाला किती पाणी देऊ?', तर एजंट हवामानाचे आकडे एका साधनाकडून घेतो, ते पाण्याची गरज काढणाऱ्या दुसऱ्या साधनात भरतो आणि आलेले उत्तर मराठीत सांगतो. कोणते साधन केव्हा घ्यायचे व त्यात काय भरायचे, हे तो मुख्यतः साधनासोबतच्या वर्णनावरून ठरवतो. म्हणून ही वर्णने कशी लिहिली जातात, याची चिकित्सा व्हायला हवी.

अहिल्यानगर जिल्ह्यापुरते पाहू. याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले जल' आणि 'फुले इरिगेशन शेड्युलर' ही मोबाइलवरील साधने तयार केली आहेत. 'फुले जल' संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन काढते, म्हणजे ठरावीक उंचीच्या, पाण्याची कमतरता नसलेल्या गवताच्या पृष्ठावरून दिवसाला किती मिलिमीटर पाणी हवेत जाते तो आकडा. पिकाची गरज पुढे त्यावरून काढतात.

या गणिताची जगभर मान्य झालेली पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत आहे. ॲलन, परेरा, रेस व स्मिथ यांची ही पुस्तिका १९९८ मध्ये निघाली. माहितीपत्रक म्हणून ती आदर्शाच्या जवळ जाते. गवत कोणते, तर ०.१२ मीटर उंचीचे. वारा कोठे मोजलेला, तर जमिनीपासून २ मीटरवर; १० मीटरवर मोजला असेल तर त्याला सुमारे ०.७५ ने गुणा. बाष्पदाब सरासरी तापमानावरून न काढता कमाल व किमान तापमानांवरून वेगवेगळा काढून सरासरी घ्या. प्रत्येक राशीचे एकक दिलेले आहे, आकडा मिळत नसेल तर काय करावे तेही दिलेले आहे. उणीव एवढीच, की सूत्र एका प्रकरणात आणि वाऱ्याच्या उंचीची दुरुस्ती दुसऱ्या प्रकरणात आहे. जाणकार पाने उलटून दोन्ही जुळवतो. ज्याला फक्त सूत्र मिळाले, त्याला दुरुस्ती आहे हेच कळत नाही.

आता समजा, याच सूत्रावर कोणी साधन तयार केले आणि एजंटासाठी एवढेच लिहिले: 'तापमान, आर्द्रता, ऊन व वारा घेते, पाण्याची गरज देते.' (हा नमुना आमचा आहे, वर उल्लेखिलेल्या साधनांचा नव्हे.) वाक्यात खोटे काही नाही. पण वारा कशात द्यायचा? सूत्राला मीटर प्रतिसेकंद हवे असते. हवामानाची माहिती पुष्कळदा किलोमीटर प्रतितास अशी मिळते.

उन्हाळ्यातला एक दिवस घेऊ. कमाल तापमान ३८ अंश, किमान २२ अंश, हवेतील बाष्पदाब १.५ किलोपास्कल, निव्वळ प्रारण १५ मेगाजूल प्रतिचौरस मीटर, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५०० मीटर, वारा २ मीटर प्रतिसेकंद. उत्तर येते सुमारे ७.६ मिलिमीटर. हाच वारा म्हणजे ताशी ७.२ किलोमीटर. एजंटाने ७.२ हा आकडा तसाच भरला तर उत्तर येते सुमारे १२.४ मिलिमीटर. फरक ४.८ मिलिमीटरचा, म्हणजे हेक्टरी रोजचे ४८,००० लिटर पाणी! साधन बंद पडत नाही, तक्रार करत नाही. विहिरीचे पाणी मात्र त्या हिशेबाने उपसले जाते.

एजंट आणि साधने यांना जोडणारे सामाईक नियम आता तयार झाले आहेत. ॲन्थ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा त्यांपैकी एक. त्यात साधनाला नाव असते, आत भरायच्या माहितीचा आराखडा असतो आणि साध्या भाषेतले वर्णन असते. आमचा आक्षेप येथे आहे. आराखडा सक्तीचा आहे, वर्णन ऐच्छिक आहे. आराखडा 'येथे संख्या हवी' एवढे तपासतो, मर्यादा घातल्यास तीही तपासतो, पण ७.२ ही संख्या कशाची, हे तपासू शकत नाही. आकार तपासला जातो, अर्थ तपासला जात नाही.

यावर कोणी म्हणेल, एजंट हुशार आहे, अंदाज बांधेल. बांधतोच, आणि पुष्कळदा तो बरोबरही येतो. पण चुकलेला अंदाजही तो तितक्याच सफाईदार भाषेत सांगतो. अनुभवी कृषी सहायक १२.४ पाहून थबकेल. एजंट थबकेलच असे नाही. दुसरा कोणी म्हणेल, मग सगळी पुस्तिकाच त्याला द्यावी. तेही योग्य नाही. लांबलचक मजकुरात नेमकी सूचना हरवते, आणि एजंटापुढे एकाच वेळी अनेक साधनांची वर्णने असतात.

आमच्या मते पुढील चार ओळी पुरतात. 'वारा मीटर प्रतिसेकंद, जमिनीपासून २ मीटर उंचीवरचा. ताशी किलोमीटर असल्यास ३.६ ने भागावे. उत्तर संदर्भ गवताचे आहे, पिकाचे नव्हे. पिकाच्या गुणांकाने गुणल्याशिवाय शेतकऱ्याला सांगू नये. वाऱ्याचे एकक माहीत नसेल तर गणित करू नये, विचारावे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले. जुन्या नोंदी 'अहमदनगर' या नावाखाली शोधाव्यात.' यातील तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. साधन केव्हा वापरू नये, हे लिहिणाऱ्याला स्वतः ठाऊक असते म्हणूनच ते लिहायचे राहते.

शिक्षकांना हे वर्गात करून पाहता येईल. प्रयोगशाळेतील एखाद्या उपकरणाचे वर्णन एका विद्यार्थ्याने चार ओळींत लिहावे. ते उपकरण कधी न पाहिलेल्या दुसऱ्याने, एकही प्रश्न न विचारता, त्यावरून वाचन घ्यावे. जेथे दुसरा अडला, ती जागा लगेच दिसते. पण जेथे तो न अडता चुकला, ती जागा फळ्यावर लिहून ठेवावी. वर्णनात भर घालायची ती तेथेच.