पहिला नंबर कुणाचा?

अमेरिकेत फुटबॉल हाताने खेळतात. एवढ्यावरूनच खरं म्हणजे मी सावध व्हायला हवं होतं. पण लेकीकडे सहा महिने राहायला गेलेला बाप सावध नसतो, रिकामा असतो.

आमची लेक शिकली मिशिगन विद्यापीठात आणि जावई ओहायो स्टेटमध्ये. लग्न ठरवताना आम्ही नाडी पाहिली, गण पाहिला; फुटबॉल पाहायचा राहून गेला. ओहायोचे कट्टर लोक मिशिगनचं नावसुद्धा घेत नाहीत, ‘तो उत्तरेकडचा संघ’ म्हणतात. आपल्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यातलाच प्रकार. कारण तेवढं वेगळं.

तर ३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनने ओहायोला त्यांच्याच मैदानावर १३-१० असं हरवलं. लेकीने शिरा केला. पुढे २० जानेवारी २०२५ ला त्याच ओहायोने नोटर डेमला ३४-२३ असं हरवून देशात पहिला नंबर पटकावला. जावयाने पिझ्झा मागवला.

"पहिला कसला डोंबलाचा? आधी आम्हाला हरवून दाखवा!" लेक म्हणाली.

"आणि तुम्ही पाच सामने हरलात, त्याचं काय?"

मग दोघंही माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्हीच सांगा."

सांगण्यापूर्वी थोडा अभ्यास केला. वरच्या गटातले संघ एकशेतीसच्या वर आणि नेहमीच्या हंगामात एकेकाच्या वाट्याला सामने साधारण बाराच. सगळे सगळ्यांशी खेळणार कधी? म्हणून मग मतं घ्यायची! १९३६ पासून असोसिएटेड प्रेसच्या यादीसाठी पत्रकार मतं देतात. १९५० पासून प्रशिक्षकांची यादी निराळी. हाडं मोडून घ्यायची पोरांनी आणि निकाल लावायचा पत्रकारांनी! १९९७ साली एका यादीत मिशिगन पहिलं, तर दुसरीत नेब्रास्का. १९६९ मध्ये तर टेक्ससने आर्कान्सॉला १५-१४ असं हरवल्यावर अध्यक्ष निक्सनसाहेबच टेक्ससला पहिला नंबर बहाल करून मोकळे झाले. एकही सामना न हरलेलं पेन स्टेट बसलं चडफडत.

इथवर हसू येतं. पण २०२३ सालची गोष्ट मला हसण्यावारी नेता येईना. फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले होते. मात्र नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस पायाला दुखापत होऊन घरी बसला. निवड समितीने शेवटच्या चारांत त्यांना घेतलंच नाही. एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. का, तर हे आता पूर्वीसारखे खेळणार नाहीत! नंतर जॉर्जियाने त्यांचा ६३-३ असा धुव्वा उडवला.

"बघा, समितीचं बरोबरच होतं," जावई म्हणाला. पण त्या सामन्यात त्यांचे कितीतरी खेळाडू उतरलेच नव्हते.

माझा घास घशात अडकला. फार वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होतो. एक मुलगा सगळ्यांत सुरेख बोलला, पण शेवटी त्याचा आवाज बसला. आम्ही तिघा परीक्षकांनी चहा पिता पिता ठरवलं : आठवड्याने जिल्ह्याला हा काय बोलणार? ढाल दुसऱ्याला दिली. अहो, बक्षीस झालेल्या भाषणाचं होतं, होणाऱ्या भाषणाचं नव्हतं! मुलाने खाली उतरून मला वाकून नमस्कार केला. बोलला काहीच नाही, आवाजच नव्हता. मी त्याला म्हणालो, "प्रयत्न करत राहा."

२०२४ च्या हंगामापासून अमेरिकनांनी चाराचे बारा संघ केले. आता तेरावा रडतो. पण निदान आणखी आठ जणांना मैदानावर हरायची संधी मिळते, हे काही थोडं नाही. जावयाचं ओहायो समितीच्या यादीत सहावं होतं. चारच घेतले असते तर पिझ्झा आलाच नसता.

मी निकाल दिला : वर्षाचा पहिला नंबर जावयाचा, कारण पुढ्यात आला तो प्रत्येक संघ हरवून ते वर आले. त्या एका शनिवारचा नंबर मात्र लेकीचा, आणि तो कुठलीही समिती काढून घेऊ शकत नाही.

लेकीने माझ्या ताटात पिझ्झाचा थंडगार तुकडा वाढला. मी मुकाट्याने खाल्ला. परीक्षकाने एवढं तरी भोगायलाच हवं.