रक्षणाची कला: एकनाथ सोलकर यांच्या खेळाचें मूल्यमापन

यशाचें मोजमाप आंकड्यांनीं करण्याची संवय आपल्या समाजांत इतकी खोल रुजली आहे कीं, ज्या गुणाला आंकडा नाहीं तो गुणच नव्हे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. परीक्षेंतले गुण, पगारांतले रुपये आणि क्रिकेटमधील धांवा यांची गोष्ट एकच. परंतु ज्याचें कर्तृत्व कांहीं घडविण्यापेक्षां कांहीं घडूं न देण्यांत असतें, त्याचें माप कोणत्या कोष्टकांत मांडावयाचें? हा प्रश्न आम्ही एकनाथ धोंडू सोलकर यांच्या खेळाच्या निमित्तानें वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ खेळतात, त्यांत चेंडू पायांपेक्षां हातांनींच अधिक हाताळला जातो. त्या खेळांत बचावाच्या अगदीं मागच्या फळींत ‘सेफ्टी’ नांवाचा गडी असतो. पुढची फळी फुटली तर शेवटची भिंत तीच. त्याची चूक झाली कीं ती सर्वांना दिसते; चूक झाली नाहीं तर तो मैदानावर होता हेंही कोणाच्या ध्यानीं राहत नाहीं. मात्र प्रतिपक्षानें फेंकलेला चेंडू त्यानें अधांतरीं पकडला, तर सामन्याचें पारडें एका क्षणांत फिरूं शकतें. महाराष्ट्रांत या जातीचा खेळाडू शोधूं लागलें असतां आम्हांस सोलकर यांचेंच नांव प्रथम आठवतें. भेद इतकाच कीं, सेफ्टी सर्वांच्या मागें उभा राहतो. सोलकर सर्वांच्या पुढें, फलंदाजाच्या बॅटीपासून अवघ्या कांहीं हातांवर, फॉरवर्ड शॉर्ट लेगच्या जागीं उभे राहत.

त्यांचा जन्म १८ मार्च १९४८ रोजीं मुंबईस झाला. वडील हिंदु जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत आणि लहानगा एकनाथ सामन्याच्या वेळीं धांवफलकावरचे आंकडे बदलीत असे. गरिबाघरच्या मुलानें नांव काढलें, ही कथा त्यांच्यासंबंधीं नेहमीं सांगितली जाते. ती खोटी नाहीं. पण तेवढ्यानें समीक्षेचें काम भागत नाहीं. दारिद्र्य पुष्कळांच्या वांट्यास येतें. तेवढ्यानें कोणी सोलकर होत नाहीं. त्यांच्या कलेचा उलगडा त्यांच्या झोपडींत नव्हे, त्यांच्या खेळांतच शोधला पाहिजे.

त्यांचा पहिला कसोटी सामना १९६९ सालीं हैदराबाद येथें न्यूझीलंडविरुद्ध झाला आणि शेवटचा जानेवारी १९७७ मध्यें कलकत्त्यास इंग्लंडविरुद्ध. एकंदर २७ सामने, १,०६८ धांवा, सरासरी पंचवीसच्या थोडी वर, शतक एकच, बळी १८. केवळ इतकेंच वाचून कोणीही म्हणेल कीं हा मध्यम प्रतीचा खेळाडू. आतां पुढचा आंकडा पाहावा: झेल ५३. म्हणजे दर सामन्यास जवळजवळ दोन. ऑस्ट्रेलियाचे बॉब सिम्प्सन हे झेलांविषयीं जगांत नांवाजलेले. त्यांनीं ६२ सामन्यांत ११० झेल घेतले. तें प्रमाणही सामन्यास पावणेदोनांच्या आसपास भरतें.

१९७१ सालच्या दोन सामन्यांचा उल्लेख येथें अवश्य केला पाहिजे. मार्चमध्यें पोर्ट ऑफ स्पेन येथें भारतानें वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय मिळविला. त्या एका सामन्यांत सोलकर यांनीं सहा झेल घेतले. पुढें ऑगस्टमध्यें ओव्हलच्या मैदानावर इंग्लंडच्या पहिल्या डावांत त्यांचा यष्टिरक्षक ॲलन नॉट यानें ९० धांवा काढून भारतास जेरीस आणलें होतें. दुसऱ्या डावांत तो एका धांवेवर असतां वेंकटराघवन यांच्या चेंडूवर सोलकर यांनीं पुढें झेंप घेतली आणि सबंध देह जमिनीलगत लांबवून तो झेल टिपला. इंग्लंडचा डाव १०१ धांवांत आटोपला. भारतानें इंग्लंडच्या भूमीवरील पहिला कसोटी विजय मिळविला आणि मालिकाही जिंकली. त्या डावाचे सहा बळी चंद्रशेखर यांचे, आणि तें श्रेय त्यांचेंच आहे. पण नॉट उभा राहता तर काय झालें असतें, याला धांवफलकावर जागा नाहीं.

यावर एक आक्षेप संभवतो. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन असे फिरकी गोलंदाज लाभल्यावर झेल मिळणारच; त्यांत सोलकर यांचें विशेष तें काय? आक्षेपांत तथ्य आहे, पण अर्धेंच. फिरकी चेंडूला फलंदाज पाय पुढें टाकून बॅट आणि पॅड एकत्र आणून अडवितो. त्या दोहोंस लागून चेंडू हातभर उडतो आणि लगेच जमिनीवर पडतो. जवळ कोणी नसेल तर तो फलंदाजाचा निर्धोक बचाव ठरतो. सोलकर तेथें उभे राहिले कीं तोच बचाव धोक्याचा होई. मग फलंदाज बिचकून मागें राही, किंवा उतावीळ होऊन फटका मारूं पाही, आणि दुसरीकडेच बाद होई. असे बळी सोलकर यांच्या नांवावर कोठेंही लिहिलेले नाहींत. गोलंदाजांनीं त्यांना झेल दिले हें जितकें खरें, तितकेंच त्यांनीं गोलंदाजांना बळी दिले हेंही खरें.

त्यांच्या धैर्याची स्तुति पुष्कळ झाली आहे. शिरस्त्राणाशिवाय त्या जागीं उभें राहणें हें धैर्याचें काम खरेंच. तथापि आमच्या मतें त्यांचा मुख्य गुण धैर्य नव्हे, अवधान. केवळ धीट मनुष्य तेथें उभा राहून मार खाईल. झेल घेण्यास चेंडू कोठें उडणार हें तो उडण्यापूर्वीं उमजावें लागतें. घटकान् घटका कांहींही न घडतां हें अवधान ढळूं न देणें, हीच या कलेंतली तपश्चर्या.

त्यांची फलंदाजीही याच जातीची होती. १९७१ सालीं किंग्स्टन येथें भारताचे पांच गडी ७५ धांवांत बाद झाले असतां त्यांनीं दिलीप सरदेसाई यांच्यासह १३७ धांवांची भागी केली. सरदेसाईंच्या २१२ धांवा सर्वांना आठवतात, सोलकर यांच्या ६१ फारच थोड्यांना. १९७४ सालीं लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धांवांत कोसळला, त्यांत १८ धांवा काढून नाबाद राहिलेले सोलकरच होते. त्यांना थोर फलंदाज म्हणणें अतिशयोक्ति होईल. घर कोसळत असतां उभा राहणारा खांब म्हणणें मात्र यथार्थ होय.

वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं त्यांचा कसोटी खेळ संपला. २६ जून २००५ रोजीं ते निवर्तले. ओव्हलच्या त्या दिवशीं बार्शीसारख्या गांवीं क्रिकेट कानांनींच पाहिलें जाई. मुंबईसही दूरचित्रवाणी १९७२ सालीं आली. रेडिओवरून झेल कळे. त्या झेलापूर्वींची प्रतीक्षा कशी कळावी? आज तर सर्व कांहीं पडद्यावर दिसतें. तरीही आमच्या बार्शींत सुटीच्या दिवशीं मुलें खेळूं लागलीं कीं भांडण होतें तें बॅट कोणाची यावरूनच, आणि फलंदाजाजवळ उभें राहण्यास सर्वांत धाकट्याला धाडतात. त्यांत मुलांचा दोष नाहीं. घरीं आल्यावर आम्ही वडील मंडळी त्यांना एवढेंच विचारतों कीं, ‘धांवा किती काढल्यास?’ क्वचित् एखाद्या संध्याकाळीं ‘आज काय वांचविलेंस?’ असेंही विचारून पाहावें. सोलकर यांच्या खेळाचें मर्म मुलांना त्या प्रश्नांतून अधिक लवकर कळेल, असें आम्हांस वाटतें.