पांढरी, करडी, काळी: जहाजांच्या याद्या कशा वाचाव्यात

आज एका यादीबद्दल बोलू. 1982 साली युरोपातल्या सागरी देशांनी पॅरिसमध्ये करार केला. आपल्या बंदरात आलेलं परकी जहाज, झेंडा कुणाचाही असो, आपण तपासायचं आणि दोष गंभीर असले तर अडकवून ठेवायचं. हिंदी महासागरासाठीही असाच करार आहे आणि त्याचं सचिवालय आपल्या गोव्यात आहे. पॅरिस करारानं तीन-तीन वर्षांच्या तपासण्यांचा हिशेब मांडून झेंड्यांच्या पांढरी, करडी आणि काळी अशा याद्या केल्या.

कल्पना चांगलीच आहे, ते आधी मान्य करू. चार लोकांत नाव खराब झालं की देशही सुधारतात. पण ज्या रीतीनं या याद्या वर्षानुवर्षं लागल्या, ती जरा तपासून बघू.

शंभरातली सात जहाजं अडकणं हे प्रमाण गृहीत धरलेलं, आणि वर नशिबाचा भाग म्हणून थोडी सूट. त्यामुळे 100 तपासण्यांत 12 जहाजं अडकली तर झेंडा काळ्या यादीत, 2 किंवा कमी अडकली तर पांढऱ्या यादीत, मधले सगळे करडे. आता 30 तपासण्या झालेला छोटा देश घ्या. त्याचं एकही जहाज अडकलं नाही, तरी तो करडाच! गणित म्हणून हे बरोबर आहे, कारण पुरावा थोडा आहे. पण वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी गडबड असणार.

दुसरी गोष्ट. कुजलेला सांगाडा असो की बंद पडलेला आगीचा पंप, हिशेबात दोन्ही ‘एक’च.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त खटकते. जहाजाची मजबुती तपासून प्रमाणपत्र देते वर्गीकरण संस्था, आणि तिची फी भरतो जहाजाचा मालक. तिचीही प्रतवारी होते, पण दोष तिच्या कामातला आहे असं निरीक्षकानं नोंदवलं तरच तो तिच्या खात्यावर चढतो. डिसेंबर 1999 मध्ये ‘एरिका’ हे तेलवाहू जहाज ब्रिटनीजवळ दुभंगलं. झेंडा माल्टाचा, प्रमाणपत्र रिना या इटालियन संस्थेचं, कागद सगळे वैध. या संस्थेला दोषी धरणारा निकाल फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयात कायम व्हायला 2012 साल उजाडलं.

आणि झेंडा काय, मालक बदलतोही. काळ्या यादीतला सोडला, दुसरा घेतला, नाव नवं रंगवलं, की जहाज तेच आणि गंजही तोच.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की यादी फेकू नका, पण नुसता रंग वाचू नका. किती तपासण्यांवर तो ठरला, हे बघा. रत्नागिरीचा एखादा मुलगा जहाजावर चढायच्या आधी एजंटाला विचारतो, “झेंडा कुठला?” त्यानं आयएमओ क्रमांकही विचारावा. नाव आणि झेंडा बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. इक्वॅसिस या मोफत संकेतस्थळावर त्यावरून जहाजाच्या तपासण्या आणि त्याची वर्गीकरण संस्था सापडते. सही करण्याआधीची ती दहा मिनिटं त्यानं जरूर काढावीत.