आसनस्थ श्रोता आणि वॉल्ट्झ

नृत्याकरिता रचलेले संगीत नृत्यावाचून ऐकले, तर ऐकणाऱ्याच्या हाती नेमके काय येते? ह्या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. पहिले असे की, लौकिक प्रयोजन गळून पडल्यामुळे ते संगीत आता कोठे आपल्या शुद्ध स्वरूपात प्रकट होते. नादांच्या गतिमान आकृती हाच संगीताचा आशय होय, असा सिद्धान्त एदुआर्ड हान्स्लिक ह्याने १८५४ साली मांडला. आपल्याकडे मर्ढेकरांच्या लयविचाराचा कलही कलाकृतीच्या अंतर्गत संबंधांकडेच आहे. दुसरे उत्तर असे की, नृत्यावाचून हे संगीत पंगूच होय. व्हिएन्ना येथील नववर्षाची मैफल डोळ्यांपुढे ठेवून विचार केला असता ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद १ जानेवारीस म्यूझिकफरआइन ह्या वास्तूतील सुवर्ण सभागृहात मुख्यतः श्ट्राउस कुटुंबातील संगीतकारांच्या रचना सादर करतो. १९५९ पासून ही मैफल दूरचित्रवाणीवरूनही दाखविली जाते. घरबसल्या पाहणाऱ्यास काही रचनांबरोबर अन्यत्र चाललेले बॅले नृत्यही दिसते. सभागृहातील श्रोत्याच्या वाट्याला मात्र बहुधा केवळ वादक आणि वाद्येच येतात. ह्याच सभागृहात १९२४ पासून ह्याच वाद्यवृंदाचा नृत्यसमारंभ भरत आला आहे. त्या रात्री खुर्च्या हलवून नृत्यासाठी जागा मोकळी केली जाते. म्हणजे नृत्य येथे अशक्य नाही. मैफलीपुरते ते रोखून धरलेले आहे.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. योहान श्ट्राउस (धाकटा) ह्याची ‘सुंदर निळ्या डॅन्यूबकाठी’ ही रचना प्रथम १५ फेब्रुवारी १८६७ रोजी पुरुषांच्या समूहगायनासह सादर झाली. तिच्या आरंभी व्हायोलिनांच्या कंपित स्वरांवर हॉर्नचे संथ बोल उमटतात. ह्या भागावर कोणी नाचत नाही. तो नाचाची वाट पाहावयास लावतो. त्यानंतर पाच वॉल्ट्झ येतात आणि शेवटी मागील स्वरावलींचे स्मरण करून देणारा उपसंहार येतो. प्रतीक्षा, प्राप्ती आणि स्मरण अशी ही बांधणी आहे. ह्याहून जुने उदाहरण वेबरच्या ‘नृत्याचे आमंत्रण’ ह्या १८१९ मधील पियानोरचनेचे. बर्लिओझने १८४१ साली ती वाद्यवृंदाकरिता सिद्ध केली. तीत पुरुष स्त्रीस नृत्याची विनंती करतो, नृत्य होते आणि अखेरीस तो नम्रपणे आभार मानतो. नृत्य संपताच श्रोते टाळ्या वाजवू लागतात आणि आभाराचे ते हळुवार स्वर अनेकदा त्यांत बुडून जातात. नृत्याची कथा स्वरांतच सांगितलेली असल्यामुळे येथे नर्तक नसला तरी नृत्याचा अभाव आहे, असे म्हणता येत नाही.

परंतु सर्वांत सूक्ष्म पुरावा तालात आहे. स्वरलिपीत वॉल्ट्झच्या तिन्ही मात्रा समान लिहिलेल्या असतात. व्हिएन्नाचे वादक मात्र दुसरी मात्रा किंचित आधी घेतात आणि तिसरीपूर्वी कणभर थांबतात. नर्तकाचे शरीर त्या अवकाशात गिरकी पुरी करील. खुर्चीतील श्रोत्याचा तेथे क्षणभर श्वास अडतो. नृत्य नाहीसे न होता श्रोत्याच्या शरीरात दडून राहिले आहे, ह्याचीच ही खूण होय. आपल्या बैठकीच्या लावणीशी ह्याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. तेथे कलावती बसून गाते आणि पायांचे काम हात, डोळे व मुद्रा ह्यांच्याकडे सोपविते. नृत्य संक्षिप्त होते, पण दृश्य राहते. वॉल्ट्झच्या मैफलीत वादक केवळ वाजवितो. म्हणून नृत्याचा सारा भार ऐकणाऱ्याच्या कल्पनेवर आणि शरीरावर पडतो.

ह्यावर असा आक्षेप येईल की, हा शारीरिक प्रतिसाद आस्वादबाह्य आहे. समीक्षकाने तो वगळावा. तो वगळता येत नाही, हे मैफलीचा शेवट दाखवितो. शेवटी थोरल्या योहान श्ट्राउसचे ‘राडेट्स्की मार्च’ वाजते आणि तासन्‌तास निश्चल बसलेले सभागृह तालावर टाळ्या देऊ लागते. रोखलेले शरीर मोकळे होते. पण ते मोकळे होते इटलीतील लष्करी विजयाच्या गौरवार्थ १८४८ साली रचलेल्या संचलनगीतावर! ही मैफल प्रथम ३१ डिसेंबर १९३९ रोजी, नाझी राजवटीत, क्लेमेन्स क्राउस ह्याच्या संचालनाखाली झाली, आणि तिचे उत्पन्न त्या राजवटीच्या मदतनिधीस देण्यात आले. त्यापूर्वीच, १९३८ साली, वृंदातील ज्यू वादकांना घालवून देण्यात आले होते. २००५ साली हिंदी महासागरातील त्सुनामीच्या बळींचे स्मरण म्हणून हे मार्च वगळण्यात आले. २०२० साली, नाझी पक्षाचा सदस्य असलेल्या लिओपोल्ड व्हेनिंगर ह्याने केलेली मांडणी बाजूस सारून वृंदाने स्वतःची आवृत्ती वाजविली. टाळी ही निव्वळ लयीची पावती असती, तर ती आवरण्याची गरज २००५ साली भासली नसती. शरीर जेव्हा तालास होकार देते, तेव्हा तो होकार कशाला आहे, हा प्रश्न उरतोच.

तात्पर्य, नृत्यसंगीताचे आसनस्थ श्रवण हे शुद्धही नव्हे आणि पंगूही नव्हे. नृत्याची आकांक्षा जागी ठेवून तिची पूर्ती लांबविणे, ही त्याची खरी रीत होय. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे, तर येथील विरोधलय केवळ स्वरास्वरांत नसून स्वर आणि निश्चल शरीर ह्यांच्यातही आहे. लयविचार इतका विस्तारला, तर त्याचे मोल कमी होणार नाही. मात्र ज्या शरीराने वॉल्ट्झच्या दुसऱ्या मात्रेचे लाघव ओळखले, तेच मार्चच्या ठोक्यासही सहज वश झाले, ह्याचा हिशेबही त्या विचारास द्यावा लागेल.