व्याघ्रचित्रांची साक्ष

‘मृग्’ या धातूचा अर्थ संस्कृत वैयाकरण ‘शोधणे’ असा देतात, आणि ‘मृगया’ हा शब्द त्याच कुळातला आहे. म्हणजे मृगयेत शोध आधी, वध नंतर. खानदेशातील वाघासंबंधीची साधने तपासताना हा क्रम ध्यानी ठेवावा.

१८२५ साली धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम वाघाच्या शिकारीकरिताही विख्यात होता. त्याने १८३५ साली खानदेश सोडला. छायाचित्रणकला जगापुढे आली ती १८३९ साली. सबब त्याच्या शिकारी केवळ शब्दांत व आकड्यांत उरल्या. १८८० च्या खानदेश गॅझेटियरातही मारलेल्या वाघांची गणती आहेच. पुढे कॅमेरा आला, तरी दृष्टी गणतीचीच राहिली. शिकारीच्या छायाचित्रांचा साचा परिचित आहे: मेलेल्या वाघाचे मस्तक टेकू देऊन उचललेले, शेजारी बंदूकधारी साहेब अथवा संस्थानिक, आणि मागे उभे असलेले हाकारे. वध करणाऱ्याचे नाव चित्राखाली असते. माग काढणाऱ्याचे नसते.

या साच्याहून निराळे चित्र एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने दिले. त्याचे कार्यक्षेत्र खानदेशाबाहेरचे, संयुक्त प्रांतातील शिवालिकच्या पायथ्याचे. परंतु तुलनेस ते अवश्य घ्यावे. अमेरिकेत जॉर्ज शिरास याची रात्री टिपलेली वन्य पशूंची चित्रे १९०६ सालीच प्रसिद्ध झाली होती. चँपियनने वाघाच्या वाटेवर तार ताणली. वाघाचा पाय लागताच मॅग्नेशियमचा लोळ उठून चित्र उमटे. १९२७ च्या त्याच्या ग्रंथात वाघ जिवंत आहे, आणि चित्र उमटविणाराही एका अर्थी तोच आहे. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर शिकारीचे चित्र ही कारकुनी नक्कल, व हे वाघाचे स्वदस्तुर.

तथापि स्वदस्तुराचीही छाननी करावी लागते. तार कोठे ताणावी, भिंग किती उंचीवर ठेवावे, हे माणसानेच ठरविलेले होते. शिवाय चौकटीत वाघ व रान एवढेच असल्याने ते रान निर्मनुष्य भासते. शिकारीच्या चित्रात रानातला माणूस अनामिक होता. येथे तो अदृश्य झाला. वाघाविषयी चँपियनची साक्ष अधिक विश्वसनीय; माणसाविषयी मात्र शिकारीचे ते कृत्रिम चित्रच अधिक बोलते.

सातपुड्यात ही उणीव भरून काढणारे तिसरे साधन आहे, ते म्हणजे वाघदेव. शिवेवरच्या त्या शेंदूर माखलेल्या आकृतीत वाघाचे भय आहे, त्याचा मान आहे, आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या वस्तीचा करारही आहे. मुक्ताईनगर परिसरात हल्ली स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघ टिपले जातात. त्या चित्रांचा अर्थही या शिवेवाचून पुरता लागणार नाही.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी की, जुन्या वाड्यांतून शिकारीची चित्रे हाती आल्यास त्यांची कड कापू नये. पाठीवरील मजकूर जसाच्या तसा उतरून घ्यावा. आणि मागच्या रांगेत कोण उभे आहे, हे गावातील वृद्धांस विचारून नावानिशी नोंदवावे. वाघ मारणाऱ्यांची नावे दप्तरांत पुष्कळ आहेत. माग काढणाऱ्यांची नावे ज्यांना ठाऊक आहेत, ती पिढी आता थोडीच उरली आहे.