बॉबीच्या आईचा प्रश्न

२००३ साली आलेल्या, 'एक्स-मेन' मालिकेतल्या 'एक्स-टू' या चित्रपटाची सुरुवात व्हाइट हाउसमधल्या हल्ल्याने होते आणि शेवटाकडे अख्खं धरण फुटतं. तरी ब्रायन सिंगरच्या या चित्रपटातला मला पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो प्रसंग घडतो बॉस्टनमधल्या एका दिवाणखान्यात. आई-वडील, दोन मुलगे, न सांगता आलेले पाहुणे आणि चहा.

बॉबी ड्रेक हा थोरला मुलगा. त्याच्या निवासी शाळेवर रात्री सैनिकांचा छापा पडल्यामुळे लोगन, मैत्रीण रोग आणि मित्र जॉन यांना घेऊन तो घरी आसऱ्याला आलाय. ही शाळा हुशार मुलांची, अशी घरच्यांची समजूत. ती म्युटंट, म्हणजे अंगी अचाट शक्ती असलेल्या मुलांची आहे, हे आता सांगणं भाग आहे. दिग्दर्शकाची नजर इथे दिसते. आपल्याला काहीतरी सांगायचंय, एवढं बॉबी म्हणतो आणि दृश्य तुटतं. पुढच्या दृश्यात सगळे बसलेले, बोलून झालेलं. आपल्या वाट्याला येतात ते फक्त ऐकणाऱ्यांचे चेहरे.

आई विचारू पाहते की तुला पहिल्यांदा कधी कळलं, की तू... आणि अडते. तो शब्द तिच्या तोंडून निघत नाही. जॉन तो शांतपणे पुरवतो. एका अडखळण्यात पटकथालेखकांनी या शब्दाची सगळी सामाजिक अवस्था सांगितली आहे. बातम्यांत तो रोज ऐकू येतो, स्वतःच्या पोराला लावायची वेळ आली की घशात अडकतो.

खरं तर जीवशास्त्रात या शब्दाला ना कलंक, ना कौतुक. जनुकात अचानक बदल झाला आणि तो ज्याच्या अंगी दिसला, तो म्युटंट. थॉम्पसन सीडलेस द्राक्षाच्या वेलीवर लांब मण्यांचा वेगळा घड दिसला, तेव्हा सोलापूरकडच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ती काडी जपली, वाढवली. त्यातून सोनाका हे द्राक्षाचं वाण आलं. २०२१ च्या मार्चमध्ये हाच शब्द कोरोना विषाणूचा 'डबल म्युटंट' होऊन आपल्या घराघरांत धडकी भरवून गेला. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी चित्रपटातल्या या पात्रांची मूळ कॉमिक काढली, तेव्हा लीच्या मनात नाव होतं 'द म्युटंट्स'. वाचकांना हा शब्द कळणारच नाही म्हणून प्रकाशकांनी ते नाकारलं, असं ली सांगत असत. चाळीस वर्षांनी ड्रेकबाईंना तो चांगलाच कळतो, म्हणून तर तो उच्चारवत नाही.

रोग म्हणते, बॉबीला काय येतं ते बघा तरी. बॉबी आईच्या कपाला बोट लावतो. चहा गोठतो. कप उलटा केल्यावर बर्फाचा गोळा बशीत पडतो आणि घरातली मांजर येऊन तो चाटू लागते. मला हे फार आवडतं. त्या घरात न बिचकता पुढे होते ती एकटी मांजर. धाकटा रॉनी तडक उठून वर निघून जातो.

मग तो प्रश्न येतो. म्युटंट न होण्याचा प्रयत्न करून पाहिलास का, असं आई विचारते. तिच्या आवाजात राग नाही, काकुळती आहे, आणि म्हणूनच तो जास्त लागतो. आपण समलिंगी आहोत हे आई-वडिलांना सांगणाऱ्या कितीतरी मुलांनी असा प्रश्न ऐकलेला असतो, आणि प्रसंगाची घडण उघडच तिथून घेतली आहे. पण लेखक तिला खलनायिका करत नाहीत. आमचं अजूनही तुझ्यावर प्रेम आहे, असंही तीच सांगते. प्रेम आणि नकार एकाच तोंडून, एकाच बैठकीत येतात, आणि बॉबीला त्यातलं एकच निवडून घेता येत नाही.

रॉनीने वरून पोलिसांना फोन केलेला असतो. दिवाणखान्यात जॉन ज्या लायटरची टकटक करत होता आणि घरचे वैतागले होते, त्याच्याच ज्योतीने तो बाहेर पोलिसांच्या गाड्या पेटवतो. बॉबीने थोड्या वेळापूर्वी रोगला आजीचे हातमोजे दिले होते, तिच्या स्पर्शाने समोरच्याची शक्ती शोषली जाते म्हणून. आता ती हातमोजा काढून जॉनचा पाय धरते, त्याची आगीवर ताबा ठेवण्याची शक्ती ओढून घेते आणि आग विझवते. लायटर आणि हातमोजे, दोन्ही आधी घरगुती वस्तू म्हणूनच दिसले होते. पटकथा बांधावी ती अशी.

२००६ च्या तिसऱ्या भागात आईचा हाच प्रश्न औषध होऊन येतो. म्युटंटपण घालवणारं इंजेक्शन निघतं, रांगा लागतात, निदर्शनं होतात, अख्खा गोल्डन गेट पूल उचलून नेला जातो. कल्पना मोठी आहे, पण माझ्या मते ड्रेकबाईंच्या त्या एका वाक्याची धार तिला नाही. तिथे बाजू घ्यायला गर्दी आहे. इथे बॉबीला उत्तर द्यायचंय ते आईला, आणि तो एक अक्षर बोलत नाही.