काढलं तसंच बसवा?

मोटरसायकल दुरुस्तीच्या मॅन्युअलमध्ये एक ठरलेली ओळ असते. भाग सुटे कसे करायचे हे फोटो आणि बोल्टच्या मापांसकट सविस्तर सांगून झालं, की शेवटी सूचना येते : बसवताना हाच क्रम उलटा करा. इंग्लंडच्या हेन्स कंपनीची मॅन्युअलं तर या सूचनेसाठी जगभर थट्टेचा विषय झाली आहेत. थट्टा बाजूला ठेवून ही ओळ नीट वाचली, तर तिच्यात एक मोठी समजूत दडलेली दिसते. काढणं हे खरं काम, आणि बसवणं म्हणजे तीच फिल्म उलटी चालवणं.

जुनी गाडी नव्याने उभी करताना पुढचे शॉकअप बसवायची वेळ येते, तेव्हा ही समजूत टिकत नाही. काढताना गंजलेला नट, जोर आणि हातोडी एवढाच प्रश्न असतो. बसवताना वेगळेच प्रश्न समोर येतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या पाइपावर गंजाचे बारीक खड्डे असतात. त्यावर नवं ऑइल सील चढवलं तर थोड्याच दिवसांत तेल झिरपू लागतं. पाइप सरळ आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. सपाट काचेवर लोळवून बघावं लागतं. सील चढवताना पाइपाच्या वरच्या कडेवर प्लास्टिकचा तुकडा गुंडाळायचा, नाहीतर सीलची ओठासारखी पातळ कड तिथेच कापली जाते. यातली एकही गोष्ट काढण्याच्या क्रमात नव्हती. मग ती उलटी कशी करणार?

कोनसेटचं तर विचारूच नका. अनेक जुन्या गाड्यांमध्ये सुटे छर्रे असतात. ग्रीसमध्ये चिकटवून ते एकेक लावायचे, टी खालून वर सरकवायची आणि नट आवळायचा. किती आवळायचा? पुढचं चाक उचलून हँडलला हलका धक्का दिला, की ते स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना पडायला हवं. पण शॉकअप धरून पुढेमागे ओढले तर कटकन आवाज यायला नको. जास्त आवळलं तर गाडी कमी वेगात सरळ चालत नाही. सैल राहिलं तर ब्रेक मारताना पुढचा भाग ठोकतो, हँडल थरथरतं. या दोन चुकांच्या मधल्या अरुंद जागेवर चालवणाऱ्याचा जीव असतो.

मोटरसायकलवरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक या जागेबद्दल काय म्हणतं? रॉबर्ट पर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ १९७४ साली आलं. जोडणीत माणसाची उमेद खचते, हे पर्सिगला पक्कं ठाऊक आहे. सगळं बसवून झाल्यावर एक भाग हातात उरतो, तो सापळा त्याने नेमका वर्णन केला आहे. त्यावर त्याचा उपाय असा : वहीत नोंदी ठेवा, आणि जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सुटे भाग डावीकडून उजवीकडे, वरून खाली मांडा; पान वाचतो तसे. उपाय चांगलाच आहे. पण इथे पर्सिगही मॅन्युअलच्याच बाजूला जातो. गाडी म्हणजे एक पान, आणि जोडणं म्हणजे ते पान शेवटाकडून वाचणं. क्रम सांभाळला की काम झालं.

नट किती आवळावा याचा हाताला असलेला अंदाजही त्याच्या पुस्तकात आहे, नाही असं नाही. पण तो एकट्या, शांत माणसाचा गुण म्हणून येतो. गॅरेजमधले मेकॅनिक मात्र रेडिओ लावून निष्काळजीपणे काम करणारे. हा अंदाज जिथे वर्षानुवर्षं हाताखालून हाताकडे जातो, ती जागाच पुस्तकात बदनाम होते. पुस्तकाची ही खरी उणीव आहे.

गंमत म्हणजे या पुस्तकातला सगळ्यात जिवंत प्रसंग क्रमाचा नाहीच. मित्राच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होऊन सरकतंय. निवेदक सुचवतो, बिअरच्या कॅनचा पत्रा कापून पाचर घालू. मित्राला ते सहन होत नाही. त्याला पत्रा दिसत नाही, कॅन दिसतो. पत्रा मऊ आहे, पातळ आहे, म्हणून तिथे बसेल, एवढाच इथला विचार. सिद्धान्त मांडताना पर्सिग क्रमाकडे वळतो. गोष्ट सांगताना मात्र तो बसण्याकडेच बघतो.

आज आपण हे सगळं रील्सवर बघतो. गंजलेला सांगाडा, मग चकचकीत गाडी, मध्ये संगीतावर पळणारे हात. पळवला जातो तो नेमका जोडणीचा भाग. एक्सल घातल्यावर त्याचा क्लॅम्प सैल ठेवून, ब्रेक धरून हँडल चार-सहा वेळा खाली दाबतात. दोन्ही शॉकअप आपापली जागा घेतात आणि मगच क्लॅम्प आवळतात. पळत्या व्हिडिओत हे कुणीतरी गाडीशी खेळतंय असं दिसेल.

आपल्या गॅरेजमध्ये दोन क्रियापदं ऐकू येतात. ‘बसवला’ म्हणजे माणसाने केलं. ‘बसला’ म्हणजे भागाने मान्य केलं. मॅन्युअल पहिल्यापाशी थांबतं, पर्सिग दुसऱ्याच्या जवळ जाऊन परततो, रील दोन्ही गाळून निकाल दाखवते. दुसऱ्या क्रियापदावरचं पुस्तक ज्यांनी लिहायचं, त्यांचे हात बहुधा ग्रीसमध्ये आहेत. त्यांना विचारायला, आणि ते सांगतील ते न पळवता ऐकायला, आपल्याकडे वेळ हवा.